एका गावात एकच मंडळ

ये गं पोरी, अशी जवळ सरक. लांब बसून नुसती मान हलवू नकोस. आणि आधी रागावून घेते, मग बोलते. सहा महिन्यांत आत्याला एक फोन नाही तुझा. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतेस, त्याला फोन म्हणत नाहीत. भावाची लेक ना तू माझ्या? विमानतळावर तुला घ्यायला मीच आले होते, कोट नव्हता म्हणून माझा काढून दिला होता. आता बेसिंगस्टोकला नोकरी लागली, गाडी आली, आणि आत्या राहिली नकाशाच्या बाहेर. असो. खायला काही नाही घेतलंस, घे.

समोर बसलीयेस असं धरूनच लिहितेय. पण हे तुझ्या एकटीसाठी नाही. आपण दोघी ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून सगळं मुळापासून सांगते. तुलाही अर्धंच माहीत आहे. मधे बोलू नकोस.

मला राग आलाय. चैत्रात आला, तो अजून उतरला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, ब्लड प्रेशर वाढलंय, काही स्ट्रेस आहे का? म्हटलं, आहे, फुटबॉलचा. ती हसली. तिला वाटलं म्हातारी टीव्हीवर मॅच बघत असेल.

माझी नात गोलकीपर आहे. लेकीची लेक. इथेच जन्मलेली, पंधरावं लागलंय, उंचीने माझ्या डोक्यावरून हात फिरवते. मराठी बोलते, पण बाई आणि बुवा सगळे एकाच पोत्यात. "आजी, माझी बूट कुठे आहे? आजी, आज माझा प्रॅक्टिस होती." मी दुरुस्त करत नाही. बोलते हेच खूप. आमच्या संस्थेची मुलींची टीम आहे. संस्था म्हणजे आम्ही इथली बौद्ध कुटुंबं, आपली आपण एकत्र येऊन उभी केलेली. दर शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या मैदानावर पोरी खेळतात. माझी लेक हॉस्पिटलातून शिफ्ट संपवून येते आणि तशीच शिट्टी गळ्यात अडकवते. थर्मास आणि पोहे माझे. चार वर्षं झाली. आधी पोरी बॉल आला की डोळे मिटायच्या. आता डोळे मिटते ती मी.

या पोरींना खेळायला एकच मोठी स्पर्धा आहे. यूकेतल्या मराठी मंडळांचा एक फुटबॉल महासंघ आहे. नाव ऐकून दचकू नका. आठ गावांची आठ मंडळं, आणि उन्हाळ्यात मिल्टन कीन्सला मैदान घेऊन दोन दिवस सामने. पण माणसं अशी वागतात की जणू वर्ल्ड कप यांच्या कपाटात ठेवलाय. तिथे सोळाच्या आतल्या मुलींचा गट आहे. म्हणजे माझ्या नातीला यंदाचं एक आणि पुढचं एक, दोनच उन्हाळे. नंतर परीक्षा, मग युनिव्हर्सिटी, मग कोण कुठे. आणि तिथे खेळायचं तर संस्था महासंघाची सदस्य पाहिजे. आमची नव्हती. एवढंच मागणं होतं आमचं: सदस्य करून घ्या, आमच्या नावाने, आमच्या किटमध्ये पोरींना खेळू द्या.

आता तू म्हणशील, आत्या, तुम्ही तर पहिल्यापासून तिथे होतात. होतोच. तेच सांगते.

आमचं गाव मिडलँड्समधलं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा फोन सुरू होतील. आम्ही आलो तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागले. चौथीपर्यंतची शाळा माझी. इंग्रजी अक्षरं मी चादरींच्या गठ्ठ्यांवर शिकले, कुठल्या वॉर्डचा कुठला गठ्ठा ते वाचता वाचता. तेव्हा सगळ्यांचं एकच मंडळ होतं. गणपती एकत्र, एप्रिलमधली जयंती एकत्र. त्याच हॉलमध्ये, त्याच मोडक्या माइकवर. पुण्याच्या एक बाई जयंतीला शिरा करून आणायच्या, मी गणपतीत मोदकाच्या उकडीला हात लावायची. कोणी काही विचारलं नाही. किंवा विचारलं असेल तर घरी जाऊन, आपापसात. मला ते ऐकू आलं नाही एवढंच खरं.

मग बदललं. एका दिवसात नाही गं. तिकडे देशात वारं बदललं, आणि आमच्या हॉलची खिडकी उघडीच होती. कमिटी बदलली. नवीन माणसं आली, शिकलेली, गोड बोलणारी, काकू काकू करणारी. आधी म्हणाले जयंतीचा बॅनर थोडा लहान करू या. मग म्हणाले वेगळा दिवस कशाला, स्प्रिंग फंक्शनमध्ये पंधरा मिनिटं देतो. मग एका वर्षी सेक्रेटरी माझ्या घरी आला, सोफ्यावर बसला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "काकू, आपण नॉन-पॉलिटिकल संस्था आहोत ना, म्हणून यंदा जयंती नको."

ज्या माणसाने देशाला घटना लिहून दिली त्याचा वाढदिवस पॉलिटिकल. आणि त्याच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणत्या पुढाऱ्याचं भाषण, कोणत्या देवळाचा व्हिडिओ, ते पॉलिटिकल नाही. आरक्षणावरचे विनोद, तेही पॉलिटिकल नाहीत, ते विनोद. मी एकदा लिहिलं ग्रुपवर, हे बरं नाही. तर एकाने वेगळा फोन करून मला समजावलं.

"काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तशा नाही."

"तशा म्हणजे कशा रे बाबा?"

"म्हणजे... तुम्ही आमच्यातल्याच."

मी म्हटलं, "मग विनोद माझ्यावरच झाला ना?" तो म्हणाला, नेटवर्क जातंय. नेटवर्क नव्हतं जात, बाई. त्याचं तोंड जात होतं.

सहा कुटुंबं बाहेर पडलो. ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मनात म्हटलं, बरं झालं यांनी बघितलं नाही. मग आमची संस्था झाली, मग पोरींची टीम झाली, आणि यंदा चैत्रात आम्ही महासंघाला अर्ज दिला. फॉर्म माझ्या लेकीने भरला, सही अध्यक्ष म्हणून माझी. मोठी, वळणदार. लाँड्रीच्या रजिस्टरवर करायचे तशी.

आठ दिवसांत महासंघाच्या सेक्रेटरीचं उत्तर. तो वेगळा बरं का, मंडळाचा नाही, पण साचा तोच. महासंघाच्या घटनेत आहे म्हणे, एका गावात एकच सदस्य मंडळ. तुमच्या गावाचं मंडळ आधीपासून सदस्य आहे. तुम्ही त्यांच्यामार्फत या. नाहीतर सहयोगी सदस्य व्हा. सहयोगी म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "काकू, तुम्ही येऊ शकता, कार्यक्रमाचा आनंद घेऊ शकता, फक्त मत नाही आणि स्पर्धेत टीम नाही."

म्हणजे पंगतीला या, फक्त पान वाढणार नाही.

मी पेटले. लेक म्हणते, आई, शांत हो, नियम आहे तो. म्हटलं, नियम कोणी आकाशातून टाकला का? फुटबॉलमध्ये वरची माणसं भांडतात आणि मैदानाबाहेर पोरी बसतात, हे मला माहीत आहे. मागे आपल्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनचंच झालं नव्हतं का? खुर्च्यांवर कोणी बसायचं यावरून इतकी वर्षं घोळ घातला की मधे कोर्टाला पडावं लागलं. आणि मग जगाच्या संघटनेने काही दिवसांसाठी सदस्यत्वच काढून घेतलं. का, तर बाहेरच्यांची ढवळाढवळ. तेव्हा आपल्या एका क्लबच्या मुली सामने खेळायला परदेशात जाऊन पोचल्या होत्या. बॅगा उघडलेल्या, बूट बांधायला काढलेले. एक सामना न खेळता परत. ती बातमी मी दोनदा वाचली, पुन्हा पुन्हा अक्षर लावून. खुर्चीसाठी भांडणाऱ्या एकाही साहेबाचं त्या आठवड्यातलं जेवण चुकलं नसेल. चुकला तो पोरींचा सामना.

तर मी भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याकडे गेले. शेजारी आहे, वेल्सचा, बायको गेल्यापासून फुटबॉल आणि टोमॅटो एवढंच बोलतो. त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, असं असं आहे, एका ठिकाणाहून एकच सदस्य. तो टोमॅटोला काठी बांधत होता. थांबला आणि खो खो हसायला लागला.

म्हणाला, "हे तुम्हाला या देशात बसून सांगितलं? या देशात?"

मग त्याने सांगितलं. देश एक, राजा एक, पासपोर्ट एक, पण फुटबॉलच्या जागतिक संघटनेत यांची चार घरं. इंग्लंडचं वेगळं, स्कॉटलंडचं वेगळं, वेल्सचं वेगळं, नॉर्दर्न आयर्लंडचं वेगळं. चारही पूर्ण सदस्य, चौघांनाही आपापलं मत. वर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे लोक दोनदा रुसून बाहेर पडले, आणि दोन्ही वेळा परत घेतले. "आम्हाला कुणी म्हणालं नाही, इंग्लंडमार्फत या म्हणून," म्हातारा म्हणाला, "आणि म्हणालं असतं ना..." पुढे तो जे बोलला ते मी लिहीत नाही, पण ऐकून बरं वाटलं.

ते सगळं मी कागदावर उतरवून घेतलं. महासंघाची सभा रविवारी दुपारी, ऑनलाइन. लेकीने लॅपटॉप कुकरच्या खोक्यावर ठेवून दिला, म्हणजे माझं नुसतं कपाळ दिसणार नाही. मंडळामागे एक प्रतिनिधी, आठ चौकोन, अध्यक्ष आणि सेक्रेटरी त्यांतलेच. नववा माझा, अर्जदार म्हणून. नात माझ्या बाजूला खाली गालिच्यावर बसली होती, कॅमेऱ्यात न दिसेल अशी, ग्लोव्ह्ज हातात घालून. घरात! म्हटलं, काढ ते. म्हणाली, "आजी, मला नर्व्हस होतोय."

सभेच्या सुरुवातीलाच अध्यक्ष म्हणाले, मतं समसमान पडली तर मी या वर्षापुरतं मुलींना खेळू देईन, नियमाचं पुढे बघू. बरं वाटलं मला ते. मग माझी पाळी आली. मी सगळं बोलले. चार घरांचं बोलले.

सेक्रेटरी हसला. "काकू, ते ऐतिहासिक कारणांमुळे आहे."

म्हटलं, "अरे बाबा, मग आमचं कारण काय कालचं आहे? आमचंही ऐतिहासिकच आहे. त्यांच्यापेक्षा जुनं आहे."

दोन चौकोनांत माणसं हसली. एक बाई, डॉक्टर आहेत त्या दुसऱ्या गावच्या, त्यांनी टाळी वाजवायला हात उचलला आणि मग केस सारखे केले. मला वाटलं, जिंकलं. खाली नातीने माझा पाय दाबला.

तेव्हा सेक्रेटरीने महासंघाच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त काढलं. जुना कागद स्कॅन केलेला, पडद्यावर दाखवला. म्हणाला, "काकू, राग नका मानू. पण एका गावात एकच मंडळ, हा ठराव मांडला कोणी ते बघा." आणि वाचलं. सूचक म्हणून ह्यांचं नाव. माझ्या नवऱ्याचं. आणि अनुमोदक म्हणून माझं.

खरं होतं गं.

मला ती सभा आठवली. आमच्याच पुढच्या खोलीत झाली होती, मी चहा करत होते. ह्यांनी उठून ठराव मांडला आणि कारणही सांगितलं होतं, मराठीत, सगळ्यांसमोर. म्हणाले, मी ज्या गावात वाढलो तिथे दोन विहिरी होत्या. एक त्यांची, एक आमची. माझ्या आईने आमच्या विहिरीचं गाळाचं पाणी फडक्याने गाळून आम्हाला पाजलं. आता इथे साता समुद्रापलीकडे आलोय, तर इथे तरी दोन विहिरी नकोत. एका गावात एकच मंडळ, सगळे त्यातच. भांडू, पण आतच भांडू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोणीतरी ओरडलं, अनुमोदक पाहिजे. मी कपांचा ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला.

आमच्याच माणसांच्या हातून होते अशी चूक. दुसऱ्या कोणी केली असती हा नियम करायची घाई? ज्याने दोन विहिरी पाहिल्या तोच एका विहिरीवर इतका भाळतो. आणि एक विहीर केली की तिचा दोर कोणाच्या हातात राहील, हे कागदावर लिहायला विसरतो. ह्यांना वाटलं, एकच मंडळ म्हणजे कोणाला बाहेर ठेवता येणार नाही. पण एकच मंडळ असलं की बाहेर काढलेल्याला जायला जागाच उरत नाही. तो कागद इतकी वर्षं फायलीत गपचूप पडून होता, आणि आमच्याच नातीवर उलटला.

ह्यांच्यावर मी इतकी कधी चिडले नव्हते. मेलेल्या माणसावर चिडायची सोय नाही, तो उलट बोलत नाही. फोटोसमोर उभी राहून दोन दिवस बडबडले. "झालं समाधान? मोठे आले सगळ्यांना एकत्र करणारे!" मग तिसऱ्या दिवशी वाटलं, चूक त्यांची नाही, भरवसा त्यांचा होता. ज्यांच्यावर ठेवला त्यांची चूक आहे. ज्या माणसांनी विहिरीची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या, त्यांतलाच एक त्या दिवशी पडद्यावर बसला होता, आमच्याच गावच्या मंडळाचा प्रतिनिधी म्हणून. त्याला ती गोष्ट आठवत असणार. त्याने तोंड उघडलं नाही. कागदावर ठराव तेवढा होता, विहीर कुठेच नव्हती.

मी म्हटलंही सभेत, का ते पण वाचा. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, इतिवृत्तात कारण लिहीत नाहीत."

मतदान झालं. तीन आमच्या बाजूने. चार विरुद्ध. एक तटस्थ.

आणि तटस्थ तू होतीस.

बस, उठू नकोस. तुमच्या भागातल्या मंडळाची प्रतिनिधी म्हणून तू त्या सभेला आहेस हे मला तुझा चौकोन दिसेपर्यंत माहीत नव्हतं. त्यात तुझं नुसतं पहिलं नाव, खाली एका फुलाचं चित्र. मी ओळख दिली नाही, तूही दिली नाहीस. तुझ्या एका मताने चार-चार झालं असतं, आणि पोरी यंदा खेळल्या असत्या. नात खालून विचारत होती, "आजी, ॲबस्टेन म्हणजे यस का नो?" काय सांगू तिला? म्हटलं, म्हणजे घरी जायचं.

तुला मी घाबरट म्हणणार नाही. म्हटलं होतं, दोन-चार वेळा, स्वयंपाकघरात, भांडी आपटत. पण मला कळतं गं. तुझा व्हिसा नोकरीवर टांगलेला. तुमच्या मंडळाचा अध्यक्ष तुझ्याच ऑफिसात तुझ्या वरचा. लग्नानंतर आडनाव बदललं, त्याच्यावरून कोणाला काही कळत नाही, आणि तूही कळू देत नाहीस. हात वर केला तर जेवणाच्या टेबलावर कोणीतरी गोड आवाजात विचारेल, "अगं, तुम्ही मूळच्या कुठल्या?" आणि मग सगळं वेगळं होईल. उघड काही नाही. तुझ्या डब्यातली भाजी चाखणं जरा कमी होईल, एवढंच. मला माहीत आहे. लाँड्रीत असताना आपल्याकडचे एक डॉक्टर भेटायचे, मराठी ऐकून थांबायचे. एकदा विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, नागपूरची. आणि लगेच मीच थंडीवर बोलायला लागले. त्यांना हवं होतं आडनाव, मी सांगितली थंडी. तेव्हा मी तुझ्यापेक्षा मोठी होते वयाने. म्हणून दगड मी आधी स्वतःला मारते, मग तुला. पण तुला पण मारते.

पुढचं तुला माहीत नाही. स्पर्धेच्या आधी आठ दिवस आमच्या गावच्या मंडळाच्या गोलकीपर मुलीचं मनगट दुखावलं. फोन आला, तुमची नात आमच्याकडून खेळेल का? एकटी ती. बाकीच्या नाहीत. लेक नको म्हणाली. नात म्हणाली, "आजी, मला खेळायचा आहे."

आणि मी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, "मग जा त्यांच्यात."

तो शब्द आयुष्यभर ज्यांच्या तोंडून ऐकला तो मी पंधरा वर्षांच्या लेकरावर फेकला, तोही माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. लगेच म्हटलं, जा, खेळ, मी येते बघायला. पण निघालेलं निघालं.

मिल्टन कीन्सला गेलो. जावयाने तीन राउंडअबाउट चुकवले, मी तोंड बंद ठेवलं. आमच्या बाकीच्या पोरीही आल्या होत्या, आपल्या गोलकीपरला ओरडायला. निळी किट घालूनच आल्या, दुसरं काय घालणार? गोलच्या मागे रांगेने उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत सेक्रेटरी आला, गळ्यात ओळखपत्र.

"काकू, प्लीज. नॉन-मेंबर टीमच्या किटमध्ये मैदानाजवळ उभं राहता येत नाही. कन्फ्यूजन होतं."

"कोणाला होतं कन्फ्यूजन? बॉलला?"

"काकू, मी फक्त नियम सांगतोय."

मी त्याला काही बोलायच्या आत पोरींनीच ऐकलं. एकमेकींकडे बघितलं, बाथरूममध्ये गेल्या, आणि जर्सी उलट्या करून घालून आल्या. शिवणी बाहेर, नंबर आत. तशाच येऊन गोलमागे उभ्या राहिल्या. हसत होत्या त्या. मला नाही हसू आलं. मी चादरी उलट्या करून घड्या घातल्या आयुष्यभर, डाग आत जावा म्हणून. माझ्या पोरींना का म्हणून उलटं व्हायला लागावं?

नात चांगली खेळली. एक गोल झाला, तो कोणालाच अडवता आला नसता. सामना संपल्यावर त्यांची कॅप्टन, वेणी घातलेली गोरीपान पोरगी, संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन आमच्या पोरींकडे आली.

"तुम्ही का नाही खेळत?"

"आम्ही मेंबर नाही."

"कशाचे मेंबर?"

आमच्यातल्या एकीने खांदे उडवले. "माहीत नाही. आजीला विचार."

सगळ्या वळल्या माझ्याकडे, तोंडात संत्री. मी काय सांगणार होते? विहिरीपासून सुरुवात करू का? म्हटलं, खा आधी. गाडीत अर्ध्या वाटेवर नात म्हणाली, "आजी, ते सगळे मला खूप नाइस होते. पण बाकीच्यांना कोणी विचारली नाही. नेक्स्ट इयर मी एकटा नाही जाणार." एवढंच. मग झोपली.

तर आता पुढचं वर्ष उरलंय. एकच. माझा राग तिथे लावायचा ठरवलाय, नाहीतर नुसता अंगात राहून सडेल. ह्यांचा ठराव रद्द करायचा, नवीन मांडायचा: एका गावात जितकी मंडळं तितके सदस्य, आणि मुलांच्या कुठल्याही टीमला मोठ्यांच्या भांडणापायी बाहेर ठेवता येणार नाही. मसुदा मी मराठीत लिहिला, हाताने, लेकीने इंग्रजी केला. आणि या वेळी कारणही ठरावातच लिहिलंय, पहिल्याच ओळीत, म्हणजे कोणाला वाचायचं टाळता येणार नाही. दुरुस्ती सभेपुढे यायला पूर्ण सदस्य मंडळातले दोघे लागतात. सूचक मिळाल्या. त्याच डॉक्टरीणबाई, केस सारखे करणाऱ्या. आपल्यातल्या नाहीत, पण सभेनंतर दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून मेल केला, चार ओळींचा, कसलाही गाजावाजा नाही.

अनुमोदक नाही मिळाला. त्या दिवशी आमच्या बाजूने मत दिलेल्या बाकीच्या दोघांना विचारलं. एक परत देशात चाललाय, दुसरा म्हणतो मत देईन पण नाव नको. ऑक्टोबरच्या सभेआधी कागद द्यायचाय.

मी तुला फोनवर विचारणार नव्हते. फोनवर तू "बघते हं आत्या" म्हणशील आणि मला तेच ऐकून घ्यावं लागेल. आणि अनुमोदक म्हणून सही केलीस तर तुझ्या ऑफिसात, तुझ्या टेबलावर काय होईल, ते मी सोसणार नाही, तू सोसणार आहेस. ते मला कळतं. म्हणून हुकूम नाही करत. कागद डोळ्यांनी वाच, शेवटपर्यंत वाच, मग तुला वाटेल ते कर. नाही म्हणालीस तरी मी तुझी आत्याच राहणार, थोडी कमी बोलणारी, तीही आठवडाभरच.

पण ये. एखाद्या शनिवारी ये, सकाळी, पोरी खेळत असतात तेव्हा. माझ्या नातीला तू ती फुलवाली म्हणूनच माहीत आहेस, तिला तुझा चेहरा बघू दे. लवकर ये गं, सप्टेंबर संपायच्या आत ये.